रडकी खोली

गोटी दहा महिन्यांची झाली, आईची रजा संपत आली, आणि घरात पाळणाघराचा विषय निघाला. निघाला म्हणजे तो रोजच निघायचा आणि रोजच अर्धवट राहायचा. आईला एकही पाळणाघर पसंत पडत नव्हतं. पहिल्याच्या खिडकीला जाळी नव्हती. दुसऱ्यातल्या बाई बोलता बोलता दोनदा खोकल्या होत्या. तिसऱ्यात नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि नाव ठेवायला जागा कशी नाही याच विचारानं ती रात्रभर तळमळली.

नवरा स्वभावानं गार. तो म्हणाला, तुला पाळणाघर नको आहे, तिजोरी हवी आहे. सासूबाई म्हणाल्या की त्यांचे गुडघे धड असते तर ही वेळच आली नसती. हे वाक्य त्या दिवसातून दोनदा म्हणायच्या, एकदा सकाळी आणि एकदा जिना चढून आल्यावर.

आईकडे एक वही होती. गोटी किती वाजता दूध प्यायली, किती वेळ झोपली, किती वेळा शिंकली, सगळं तीत लिहिलेलं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेल्या बाईला काळजीसुद्धा रकाने पाडूनच करता येते, असं नवरा तिला चिडवायचा. ती चिडायची नाही. नोंद ठेवली की गोष्टी हातात राहतात, असं तिचं मत होतं.

चौथं पाळणाघर नवऱ्यानंच शोधून काढलं. "तुझ्या जुन्या थिएटरच्या जागेवर ती इमारत झालीय ना, तिच्या तळमजल्यावर आहे. तुझी पहिली नोकरी तिथली, आता लेकीचीही तिथलीच."

तो हसला. ती गोटीच्या पायातला मोजा नीट करत राहिली.

ते थिएटर उपनगराच्या टोकाला होतं, शेवटच्या बसथांब्याच्या अलीकडे. एकच पडदा, सहाशे खुर्च्या, दर्शनी भिंतीवरचा रंग पोपडे येऊन गळलेला. कॉलेजच्या शेवटच्या दोन वर्षांत ती तिथे दुपारच्या खेळाला दारावर उभी राहायची. बाराला खेळ सुरू व्हायचा, तीनला सुटायचा. तिकीट फाडायचं, उशिरा येणाऱ्याला बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, खेळ सुटला की रांगांमधून फिरून कुणाची छत्री, कुणाचा चष्मा राहिलाय का बघायचं. काम सोपं होतं. आत अंधार, गारवा, आणि मखमलीत मुरलेल्या धुळीचा एक उबट वास असायचा. तो वास केसांत बसायचा आणि दोनदा धुतल्याशिवाय जायचा नाही.

तिला काम शिकवलं बॅटरीकाकांनी. ते तिथले सगळ्यात जुने डोअरकीपर. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी मॅनेजरलाही आठवायला लागायचं. उशिरा येणाऱ्यांना ते मोठ्या आदरानं विचारायचे, सुरुवात सांगू की शेवट? कुणी वाद घातला की शेवट सांगून टाकायचे.

त्या थिएटरात एक सोय होती, जी तिनं दुसरीकडे कुठे पाहिली नाही. हॉलच्या अगदी मागच्या डाव्या कोपऱ्यात जाड काचेची भिंत घालून एक खोली काढलेली होती. तीत बारा खुर्च्या आणि छताला एक छोटा स्पीकर. तान्ही मुलं घेऊन आलेल्या बायांनी तिथे बसायचं. मूल रडलं तरी हॉलमध्ये आवाज जात नसे आणि आईचा सिनेमाही चुकत नसे. कामावरचे सगळे तिला रडकी खोली म्हणायचे. अंधारात वळून पाहिलं की काचेवर पडद्याचा उजेड हलताना दिसायचा, आणि त्याच्यामागे बाया मुलांना हलवत बसलेल्या. मुलांची तोंडं पूर्ण उघडी, जिभा थरथरणाऱ्या, मुठी आवळलेल्या. आवाज मात्र काही नाही. पहिल्या दिवशी तिला ते गमतीचं वाटलं. मग ती तिकडे पाठ करून उभी राहायला शिकली.

खेळ सुटल्यावरची रीत काकांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितली. आधी मोठी दारं उघडायची. मग रडक्या खोलीचं. दार पूर्ण उघडून धरायचं, आपण बाहेर उभं राहायचं, बॅटरीचा उजेड जमिनीवर ठेवायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, खेळ संपला, चला. खोली रिकामी असली तरी म्हणायचं. नऊ नंबरची खुर्ची वर गेली की मगच दार लावायचं. आणि ती वर जाईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

खुर्च्या दुमडणाऱ्या होत्या. माणूस उठलं की बैठक स्प्रिंगनं वर जाऊन पाठीला टेकायची, टक असा आवाज करून. नऊ नंबरची तेवढी खाली राहायची. खोलीत बाया असोत नसोत, खेळ सुटला की ती खालीच असायची.

"स्प्रिंग म्हातारी झालीय तिची," ती काकांना म्हणाली होती. "त्यासाठी रिकाम्या खोलीला कशाला सांगायचं?"

"तुझं काय जातं?" काका म्हणाले. मग थोड्या वेळानं, तिकिटांचे तुकडे गोळा करता करता, "आई आहे. पोर झोपल्याशिवाय उठत नाही. आपण घाई करू नये."

ती हसली. काकांच्या बोलण्यात थट्टा कुठे संपते ते कधीच कळायचं नाही.

पण ती पडली संख्याशास्त्राची. तिनं वही केली. एकोणीस दिवस तिनं रीतसर 'चला' म्हटलं आणि घड्याळ लावलं. दरवेळी सात ते अकरा सेकंदांत बैठक वर गेली, टक. विसाव्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दार उघडून नुसती उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हॉल रिकामा झाला, झाडूवाली बाई शेवटच्या रांगेपर्यंत येऊन पोचली. चाळीस मिनिटांनी तिचे पाय दुखायला लागले तेव्हा ती हळूच म्हणाली, "खेळ संपला, चला."

सहा सेकंद. टक.

त्या दिवसानंतर तिनं ती वही बंद केली आणि रीत पाळली. न पाळण्यात तिचाही काही फायदा नव्हता.

चुकली ती शेवटच्या दिवशी. थिएटर बंद होणार म्हणून त्या दुपारी लोटली तेवढी गर्दी तिथे कधी झाली नव्हती. खेळ संपायच्या आधीच लोक आठवण म्हणून खुर्च्यांचे पितळी नंबर उपटायला लागले. काका पुढच्या दारात ओळखीच्यापाळखीच्या सगळ्यांचे हात हातात घेत उभे होते, त्यांना कशाची शुद्ध नव्हती. मॅनेजरनं किल्ल्या तिच्या हातात कोंबल्या आणि ओरडून सांगितलं की आधी रडकी खोली बंद कर, ती काच फुटली तर कुणाचा तरी जीव जाईल. ती धावत गेली. खोली रिकामी होती. नऊ नंबरची बैठक खाली होती. मागून लोक ढकलत होते. आता शेवटच्या दिवशी तरी हा पोरकटपणा पुरे, असं तिच्या मनात आलं आणि तिनं दार ओढून किल्ली फिरवली.

किल्ली फिरवताना सवयीनं कान तिकडे लागला होता. टक काही ऐकू आलं नाही.

तीन आठवड्यांनी बसमधून जाताना तिनं पाहिलं. छत उतरलं होतं, पडद्याची भिंत गेली होती. मागच्या डाव्या कोपऱ्यातली काच मात्र उन्हात अखंड उभी होती, आणि आतलं काही दिसू नये इतकी चकाकत होती.

त्याला सहा वर्षं झाली.

नवीन इमारतीच्या तळमजल्यावरचं ते पाळणाघर तिनं बघून घेतलं तेव्हा नाव ठेवण्यासारखं खरंच काही नव्हतं. खिडक्यांना जाळ्या होत्या. कोपऱ्यांना रबर होतं. मुलं सांभाळणाऱ्या ताई पन्नाशीच्या, आवाज मऊ, नखं कापलेली. हिनं त्यांची नखं बघितलेली त्यांना कळलं, आणि त्यांनी न रागावता दोन्ही हात पुढे करून दाखवले.

लांब कॉरिडॉरमध्ये दोन दारं होती. पुढचं दार मुलांच्या हॉलचं. ते अर्धंच उघडायचं, तिथे वही ठेवलेली, सही करून मूल द्यायचं आणि सही करून न्यायचं. त्याच्या अलीकडे आयांची खोली. नवीन मुलांच्या आयांनी पहिले काही दिवस तिथे बसायचं. एक भिंत पूर्ण काचेची, पलीकडे मुलांचा हॉल.

"काच जाड आहे," ताई म्हणाल्या. "आईचा आवाज मुलाला नको आणि मुलाचा आईला नको. दोघंही लवकर सवयीची होतात."

खोलीत तीन खुर्च्या होत्या. लाल मखमलीच्या, दुमडणाऱ्या. बांधकाम करणाऱ्यानं जुन्या थिएटरच्या खुर्च्या शोभेला म्हणून ठेवल्या होत्या, त्यांतल्या उरलेल्या तीन पाळणाघराला दिल्या, असं ताईंनी सांगितलं. प्रत्येकीच्या पाठीवर पितळी नंबर होता. आठ, नऊ, दहा. तिन्ही बैठका वर होत्या. तिनं नऊ नंबरची बैठक हातानं खाली दाबली आणि सोडली. ती लगेच वर गेली. कुणीतरी स्प्रिंग बदललेली दिसत होती.

घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं की चालेल. तो इतका चकित झाला की त्यानं दोनदा विचारलं.

पहिल्या दिवशी ती आठ नंबरच्या खुर्चीत बसली. काचेपलीकडे अकरा मुलं. त्यांतली चार रडत होती, तोंडं पूर्ण उघडी, मुठी आवळलेल्या. काहीही ऐकू येत नव्हतं. खोलीत एक उबट वास होता, आणि कुठेतरी फार लांब कुणी बोलत असावं तशी एक घरघर. तिनं वर पाहिलं. छताला स्पीकर नव्हता.

गोटी अनोळखी माणसाकडे गेली की गल्ली डोक्यावर घ्यायची. इथे ती रडली नाही. गालिच्यावर बसून ती काचेकडे बघत होती. मग तिनं दोन्ही हात वर केले, घे म्हणून. आईला भरून आलं. गोटीच्या अगदी समोर यावं म्हणून ती उठून चार पावलं उजवीकडे सरकली.

गोटीचे हात सरकले नाहीत. ते जिथे होते तिथेच राहिले, आठ नंबरच्या डावीकडे.

आईनं वळून पाहिलं. नऊ नंबरची बैठक खाली होती.

मघाशी बसताना आपणच चुकून दाबली असेल, असं तिनं ठरवलं, आणि ती वर करायला बैठकीखाली हात घातला. बैठक अर्ध्यापर्यंत वर आली आणि हळूहळू परत खाली गेली.

निघताना ताई कौतुकानं म्हणाल्या, "गुणी आहे हो तुमची. बसल्या बसल्या हसते, हात पसरते. कुणाकडे हात पसरते कोण जाणे."

खरी भीती घरी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली तेव्हा गोटी पाळण्यात उताणी पडून रडत होती. तोंड पूर्ण उघडं, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा. आवाज मात्र नव्हता. सासूबाई हातभर अंतरावर भाजी निवडत होत्या, त्यांना पत्ताच नव्हता. किती वेळ ती अशी रडत होती हे कुणालाच सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी घसा तपासला, कान तपासले. गोटी त्यांच्या टेबलावर खदखदून हसली, तिच्या हसण्याला आवाज होता. डॉक्टर म्हणाले, काही नाही, मुलं असं करतात. रडण्याचा आवाज न येणारं मूल म्हणजे तुम्ही नशीबवान. सासूबाईंनाही तेच वाटत होतं. त्यांच्या मते पोर शहाणी होत चालली होती.

आईला वेगळंच दिसत होतं. गोटी भुकेली असेल, पडली असेल, तिच्या घशात काही अडकलं असेल, तरी आता ते ऐकून कळणार नव्हतं. बघूनच कळणार होतं. आणि सोमवारपासून दिवसाचे आठ तास ती बघायला असणार नव्हती. तिनं वहीत नवीन रकाना पाडला, 'आवाज'. दिवसभर त्यात शून्यं पडत गेली. स्वयंपाक करताना ती दर मिनिटाला मागे वळून बघायला लागली.

"तू तिला सांभाळतेस की पहारा देतेस?" सासूबाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी ती बॅटरीकाकांकडे गेली. ते मुलीकडे राहत होते, बैठ्या घराच्या ओसरीत उन्हाला खुर्ची टाकून बसलेले. कान थोडे गेले होते, थट्टा शाबूत होती. तिला बघून म्हणाले, उशीर केलास, सुरुवात सांगू की शेवट? तिनं हसून घेतलं आणि मग खुर्चीचं सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, शेजारच्या अंगणात जाईल याची लाज वाटत. गोटीचा आणि तिच्या रडण्याचा विषय तेवढा काढला नाही. ते मोठ्यानं म्हणायला तिची जीभ रेटेना.

काकांनी चष्मा काढून पुसला.

"शेवटच्या दिवशी 'चला' म्हणाली होतीस ना?"

"नाही."

"मग ती बसलेलीच आहे."

"कोण, काका?"

"मी कधी आत बघायला गेलो नाही. म्हणून तर चव्वेचाळीस वर्षं नोकरी झाली." त्यांनी चष्मा परत घातला. "अवघड काही नाही. खेळ सुटायच्या वेळेला जायचं. दार उघडून धरायचं, बाहेर उभं राहायचं, म्हणायचं. बैठक वर गेली की झालं. आधी ती बाहेर, मग आपण आत. हा क्रम सोडायचा नाही."

"आणि सुटला तर?"

"मी सोडला नाही. मला काय माहीत."

ती उठली. काका तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत होते. पिशवीतून दुधाच्या बाटलीचं टोक बाहेर डोकावत होतं.

"तुला मूल आहे?"

"दहा महिन्यांची मुलगी. तिथेच ठेवतेय, म्हणून तर आले."

काकांच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. "मग तू जाऊ नकोस. दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

परतीच्या वाटेवर ती विचार करत राहिली की पाठवायचं कुणाला. नवऱ्याला सांगायचं काय? कामावरून लवकर सुटून एका पाळणाघरात जा, रिकाम्या खोलीचं दार धर आणि खुर्चीला सांग की खेळ संपला? तो गेलाही असता कदाचित, पण हसत म्हणाला असता. ते हसत म्हणायचं नव्हतं.

शुक्रवार हा तिच्या रजेचा शेवटचा दिवस. त्या दिवशी तिनं गोटीला सकाळी सोडलं, घरी आली, आणि दुपारी पुन्हा निघून तीनला दहा मिनिटं कमी असताना पाळणाघरात पोचली. पिशव्या आणि बाहेरचे कपडे आत न्यायचे नाहीत असा तिथला नियम होता. तिनं करडा स्वेटर काढून कॉरिडॉरमधल्या खुंटीला अडकवला, त्यावर पिशवी अडकवली. आयांच्या खोलीत कुणी नव्हतं. इतर मुलं आता रुळली होती, नवीन अशी गोटीच.

बरोबर तीनला तिनं दार पूर्ण उघडलं आणि बाहेर उभी राहिली. दाराला ते आपोआप बंद करणारा दांडा होता. तो तिला ढकलत होता, तिनं दार पाठीनं रेटून धरलं. काचेतून येणारा दुपारचा उजेड खुर्च्यांवर पडला होता. आठ वर. दहा वर. नऊ खाली.

"खेळ संपला," ती म्हणाली. आवाज हळूच निघाला होता. ती पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. "खेळ संपला. चला."

तिनं मोजायला सुरुवात केली. सात. अकरा. वीस. बैठक हलली नाही. सहा वर्षं कुणी वाट बघायला लावलं की माणूस लगेच उठत नाही, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिनं तो झटकला. तीस.

काचेपलीकडे मुलं झोपेतून उठत होती. ताई पाठमोऱ्या, एका मुलाचा लंगोट बदलत होत्या. गोटी गालिच्यावर पडली होती.

उताणी. तोंड पूर्ण उघडं. हात वर.

आईला वाटलं, रडतेय. मग वाटलं, नाही. हात वर नाहीत, झटकतेय ती. चेहरा लाल नव्हता, गडद होता. की उजेडच तसा होता? पुढ्यात लाकडी ठोकळ्यांचा ढीग. ठोकळा तोंडात जाईल एवढा होता का? तिनं परवाच बोटांनी मोजून पाहिला होता, मोठा होता. सगळे तेवढेच मोठे होते का?

ताई वळत नव्हत्या.

पंचेचाळीस.

काच ठोकली तर त्या वळतील. काच आठ पावलांवर होती.

ती आत धावली.

तिनं दोन्ही तळव्यांनी काचेवर थापा मारल्या. तिच्यामागे दार सावकाश, आपल्या वजनानं, बंद होत गेलं. ते पूर्ण मिटायच्या आत तिला आवाज आला.

टक.

त्याच क्षणी ताई वळल्या, गोटीला त्यांनी सहज उचललं, कडेवर घेतलं, तिचे डोळे पुसले. गोटीच्या तोंडात काही नव्हतं. ती नुसती रडत होती. झोपमोड झाल्यावर सगळी मुलं रडतात तशी.

बैठक वर गेल्याचा आवाज तिनं ऐकला होता, म्हणजे झालं होतं, सुटलं होतं. तिनं मागे हात केला, हाताला जी खुर्ची लागली तिची बैठक खाली ओढली आणि टेकली. ती हसत होती, की रडत होती. तिला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. छतातली घरघर मात्र आता स्वच्छ झाली होती, शब्द लागतील इतकी.

पलीकडे ताई गोटीला घेऊन अर्ध्या दाराकडे गेल्या. दारात कुणीतरी मूल न्यायला आलं होतं.

काचेकडे पाठ करून उभी असलेली बाई. करडा स्वेटर. खांद्याला पिशवी, पिशवीतून दुधाच्या बाटलीचं टोक डोकावलेलं.

ताई तिच्याशी हसून बोलल्या, रोजच्या माणसाशी बोलावं तसं. वही पुढे केली. बाईनं सही केली. ताईंनी गोटी तिच्या हातात दिली.

बाईनं गोटीला खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थोपटायला सुरुवात केली. फार सावकाश, सवयीच्या हातानं.

खांद्यावरून गोटीचा चेहरा आता काचेकडे झाला होता. तिनं आईला पाहिलं. तिचं तोंड पूर्ण उघडलं आणि तिनं दोन्ही हात पसरले, बोटं ताणून, काचेच्या दिशेनं.

ताईंनी त्या हातांच्या रोखानं वळून पाहिलं. त्यांची नजर पहिल्या खुर्चीवर गेली, दुसऱ्या खुर्चीवर गेली, तिसरीवर गेली. मग त्यांनी गोटीच्या गालाला बोट लावलं आणि बाईला काहीतरी म्हणाल्या. काचेतून आवाज येत नव्हता. तरी ओठांवरून वाक्य ओळखता आलं. ते तिनं पहिल्या दिवशी निघताना ऐकलेलं होतं.

बाई वळली नाही. थोपटत थोपटत ती कॉरिडॉरमध्ये दिसेनाशी झाली. शेवटी दिसली ती गोटीची मूठ. ती सैल पडत चालली होती. गोटीला झोप लागत होती.

आई ताडकन उठली आणि दाराकडे धावली. दोन पावलं गेली आणि थांबली.

मागून एक आवाज यायला हवा होता. तिचा कान सवयीनं तिकडे लागला होता. तिनं सात मोजले, अकरा मोजले. मग वळून पाहिलं.

ती उभी होती. नऊ नंबरची बैठक मात्र खालीच होती, तिच्या वजनानं दबलेली.